काबरमिस्त्री आणि इंजिनाचा गाडा

आमच्या सासूबाई मांडे करायला बसल्या की चुलीच्या आसपास फिरकायची हिंमत असोद्यात, म्हणजे माझ्या सासरच्या गावात, दोघांनाच होती. एक आमची मांजर, आणि दुसरे काबरमिस्त्री. मांजरीला निदान हाकलता यायचं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. अंगणात चूल मांडलेली, तिच्यावर उपडं खापर तापलेलं, आणि सासूबाई पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत वाढवत होत्या. मांडा मनगटावरून कोपरापर्यंत पसरत चालला होता. मिस्त्री त्याच सकाळी आमच्याकडे पहिल्यांदा आलेले. पाहुण्यानं ओसरीवर बसावं, पाणी प्यावं, घरच्यांची खुशाली विचारावी. हे सरळ अंगणात आले, चार हात अंतरावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माय, हाई फाटत नही काबर?"

"काय फाटत नही?"

"हाऊ मांडा. एवढा ताणता तुम्ही, पार कोपराले गया, तरी भोक पडत नही. काबर?"

"हाताचा गुण," सासूबाई म्हणाल्या.

"हात तं माले बी शेतस. हाताचा कोणता भाग? बोटं लावत नहीत तुम्ही. मनगटावर झेलता. काबर?"

सासूबाई चाळीस वर्षं मांडे करत होत्या. खाणारे पुष्कळ भेटले होते, विचारणारा कोणी भेटला नव्हता. त्या खरोखरच विचारात पडल्या, आणि त्या विचारात मांड्याला मधोमध हे भलं मोठं भोक पडलं. सासूबाईंच्या हातून मांडा फाटलेला मी तेवढा एकदाच पाहिला. तोच त्यांनी मिस्त्रींच्या ताटात वाढला. मिस्त्रींनी खाण्याआधी तो उजेडात धरून भोकाच्या कडा पाहिल्या.

त्यांचं खरं नाव बाबूमियाँ. राहणारे धुळ्याचे. लोखंडाचं काम करायचे, पण ऐरण-भाता मांडून बसणारे लोहार नव्हेत. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू नीट बनलीय की नाही, हे सांगायला लोक त्यांना बोलावत. सरकीचं यंत्र असो, पाण्याची टाकी असो, नाहीतर कोणाच्या दाराची कडी असो. 'काबर' म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत 'का'. हा शब्द त्यांच्या तोंडात इतका, की सगळा खानदेश त्यांना काबरमिस्त्रीच म्हणे, आणि तेही त्या नावानं हाक मारली की ओ देत.

उंच, वाळकुडे, दाढी मेंदीनं तांबूस केलेली. दुसरे लोक कमरेला तंबाखूची पिशवी खोचतात, तशी हे एक छोटी हातोडी खोचत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कानावर कायम खडूचा तुकडा. आणि एखादी वस्तू नीट पाहायची असली की ते आधी डोळे मिटून घेत. मी हसून विचारलं होतं, तर म्हणाले, "डोळा लगेच खूश होतो बेटी. रंग पाहिला की खूश, चमक पाहिली की खूश. त्याचं ऐकत बसलं तर कामं व्हायची नाहीत." माझ्याशी ते असं शहरी वळणाचं बोलायचा प्रयत्न करत, कारण मी शिकलेली आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते कोणीतरी म्हणजे मीच.

मी तेव्हा सतरा वर्षांची. मराठी सातवी पास. सातवी पास झालेल्या माणसाला जगात कळायचं काही शिल्लक राहत नाही, असं माझं ठाम मत होतं. हल्ली माझी नातवंडं कॉलेजातून सुट्टीला येतात, तेव्हा त्यांच्या तोंडावर मला माझं ते मत जसंच्या तसं दिसतं, आणि हसू लपवायला मी पदर तोंडाला लावते. आमच्या घरात माझ्याखेरीज नीट अक्षर काढणारं कोणी नव्हतं. सासरे, म्हणजे आबा, सही करायचे, पण ती सही म्हणजे कोंबडीनं पाय घासल्यासारखी. त्यामुळे घरातली सगळी पत्रं माझ्या हातची. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात. त्या वर्षी मी माहेरी, धुळ्याला, गेले नाही. 'इंजिनाचा गाडा यायचा आहे, माझ्याशिवाय कसं होणार' असं वडिलांना पत्र लिहून कळवलं. काय तो तोरा!

आता गाड्याचं सांगते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीनचार वर्षं आधीची गोष्ट. आबांनी आणि गावातल्या आणखी सात घरांनी मिळून रॉकेलवर चालणारं एक इंजिन घेतलं होतं, विहिरीतून पाणी उपसायला. प्रत्येकाच्या विहिरीवर वेगळं इंजिन ठेवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून इंजिन एका चारचाकी लोखंडी गाड्यावर बसवायचं आणि बैल जुंपून आज ह्याच्या विहिरीवर, उद्या त्याच्या, असं फिरवायचं. कल्पना आबांची. सात घरांना त्यांनी महिनाभर ओट्या-ओट्यावर बसून पटवलं होतं. गाडा जळगावच्या एका कारखान्यात बनवायला टाकला होता.

आणि त्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी असं खाली गेलं, की मोट ओढून ओढून बैल बसायला लागले आणि पाटात पाणी मात्र करंगळीएवढं. आठही घरांच्या केळी निसवल्या होत्या, घड बाहेर पडलेले. वरून गरम वारा. केळीची पानं दुपारी मिटलेल्या छत्रीसारखी लोंबायची. आबा रोज संध्याकाळी मळ्यातून येत आणि हात धुऊन सरळ बाजेवर पडत. आठ-दहा दिवसांत इंजिन विहिरीवर लागलं नाही तर घड काळे पडणार, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. आणि मग सात घरांना तोंड कसं दाखवायचं, हे आबांना ठाऊक होतं.

अशात, आखाजीच्या आदल्या दिवशी, गाडा आला. लालभडक, पिवळ्या रेघा मारलेला, नव्या नवरीसारखा. कारखान्याचा माणूस बरोबर होता, खिशात पावती. 'माल नीट पोचला' अशी आबांची सही झाली की तो मोकळा. पण सहीआधी गाडा पारखायला आबांनी काबरमिस्त्रींना बोलावलं होतं. गाडा अंगणात उभा केला, सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला.

मिस्त्री यायच्या आधीच मी त्या गाड्याची तपासणी करून टाकली होती, बरं का. दुपारी सगळे लवंडलेले असताना टेप घेऊन मी अंगणात गेले. लांबी, रुंदी, उंची, चाकांमधलं अंतर, सगळं पत्रातल्या मापाशी ताडून पाहिलं आणि कागदावर एकाखाली एक 'बरोबर, बरोबर, बरोबर' असं लिहिलं. शेवटी सही, तारीख, आणि सहीखाली एक वेलांटीदार रेघ. तो कागद मी मिस्त्रींना वाचून दाखवला.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाले, "चारी बाजू मोजल्या?"

"हो. समोरासमोरच्या सारख्या आहेत. म्हणजे चौकट काटकोनात."

"काबर?"

मी भूमितीच्या पुस्तकातल्यासारखं काहीतरी बोलले. मिस्त्रींनी ओसरीवरची बाज ओढली, एका कोपऱ्याला पाय लावला आणि समोरचा कोपरा दाबला. बाज कुरकुरत तिरकी झाली. "आता मोज. बाजू बदलल्या?"

बाजू कशा बदलतील? त्यांनी सुतळी काढली, माझ्या हातात एक टोक दिलं आणि गाड्याच्या चौकटीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत धरायला लावली. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना. सुतळी एक बोटभर कमी पडली. चौकट तिरकी होती. माझ्या कागदावरचा पहिला 'बरोबर' तिथे गेला.

मग ते कामाला लागले. आधी त्यांनी कोपऱ्यांवरचा लाल रंग खरवडायला घेतला. कारखान्याचा माणूस ओरडला, "अहो मिस्त्री, नवा रंग आहे!"

"म्हणून तं काढतो," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "इथे दोन हात दिलेत, बाकी जागी एक. काबर?"

रंगाखाली भेगा बुजवायचं लुकण भरलेलं निघालं आणि लुकणाखाली केसाएवढी चीर. कारखान्याचा माणूस आभाळाकडे पाहायला लागला.

त्यानंतरचा खेळ बघण्यासारखा होता. रिव्हेटच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं हातोडीची टिचकी मारायची. डोळे मिटलेले. टण्ण आवाज आला की पुढे. थप् आला की कानावरचा खडू काढून फुली. "लोखंड बोलस," ते म्हणाले, "आपण ऐकत नही." दोन रिव्हेटांना फुल्या पडल्या. बैलांचं जू जिथे अडकवायचं तिथल्या खिळीवर त्यांनी कानस घासली. लोखंड भाकरीसारखं भुगा होऊन पडलं. इंजिन ज्या फळ्यांवर बसणार त्यांना नख लावलं आणि वास घेतला. लाकूड ओलं होतं. वैशाखात वाळून आकसलं की बोल्ट सैल पडणार आणि इंजिन फळीवर नाचणार. ते सांगत, मी लिहीत होते. एकेक चूक सापडली की त्यांना आनंद व्हायचा, पण कारखान्याच्या माणसाची फजिती झाली म्हणून नव्हे. मुलाला बोराच्या झाडाखाली बोरं सापडल्यावर होतो तसा. त्या माणसालाच ते विचारत, "हाई असं काबर करं हुई रे भाऊ?" तो बिचारा चिडून म्हणाला, "मिस्त्री, मला काय माहीत? घाई होती, मालक मागे लागला होता." तर मिस्त्री खूश. "घाई. लिही बेटी. चूक नको, घाई लिही."

आठ चुका भरल्या. कारखान्याच्या माणसानं कबूल केल्या, पावती खिशात ठेवली आणि दुरुस्तीला दोन लोहार पाठवून दिले. दोन दिवस अंगणात भाता चालला. नवी खीळ आली, फळ्या बदलल्या, चौकट सरळ केली. आबांनी त्या दोन दिवसांत मळ्याकडे पाहिलंच नाही, पाहवत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी आबा म्हणाले, "आता चढवा इंजिन."

"ना," मिस्त्री म्हणाले. "आधी रिकामा. मग दगड भरून. मग इंजिन."

"मिस्त्री, माह्या केळी जळी राह्यल्या!"

"माले दिसतं आबा. पण इंजिन आडवं झालं, तर पाणी कोण काढील?"

आबांनी दात आवळले आणि आमच्या सालदाराला, सुपडूला, बैल जुंपायला सांगितलं. रिकामा गाडा मळ्याच्या वाटेला लागला. मी धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, चढून बघत होते. शंभर पावलं जातो न जातो, गाडा एका अंगावर झुकला. उजवी चाकं खाली, डावी वर. सरळ झाला, पुन्हा झुकला.

"आबा," सुपडू ओरडला, "गाडा लंगडी राह्यला!"

लोक जमले. कोणी म्हणालं चाक वाकडं, कोणी म्हणालं आस वाकडा, एक म्हातारा म्हणाला नजर लागली. मिस्त्रींनी गाड्याकडे पाहिलंच नाही. ते वाटेत उकिडवे बसले आणि जमीन बघायला लागले. आमची जमीन काळी, पावसाळ्यात चिखल होते तेव्हा मालाच्या बैलगाड्यांची चाकं तिच्यात रुतून खोल घळी पडतात आणि उन्हाळ्यात त्या दगडासारख्या वाळतात. त्या दोन घळी पकडूनच प्रत्येक गाडी चालते. मिस्त्रींनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक लांब काडी घेतली, ती या घळीपासून त्या घळीपर्यंत धरली आणि नखानं खूण केली. मग तीच काडी गाड्याच्या चाकांना लावली. गाडा चार बोटं अरुंद होता. एक चाक घळीत गेलं की दुसरं कडेवर चढणार. रिकामा गाडा नुसता लंगडला. वर इंजिन असतं, तर उलटलाच असता.

मी धाब्यावरून खाली उतरले आणि दाराआड उभी राहिले. गाडा अरुंद का, ते मला एकटीलाच माहीत होतं.

मिस्त्री काडी घेऊन अंगणात परत आले. आमच्याकडे एक दमनी होती, बायकांनी बसून जायची हलकी गाडी. ती हलकी म्हणून घळीत न घालता वाटेच्या काठाकाठानं हाकत. मिस्त्री तिच्यासमोर थांबले. काडी तिच्या चाकांना लावली. पुन्हा गाड्याला लावली. अगदी तंतोतंत. मग त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

आबा तावातावानं आत आले. "सूनबाई, लिहा! नववी चूक. चाकांचं माप चुकलं. गाडा परत न्या म्हनावं, आन्‌ दुसरा बनवा."

दुसरा बनवायला महिना लागला असता. तेवढ्यात केळीचं काय झालं असतं, ते आबांना बोलता बोलता स्वतःलाच उमगलं आणि ते ओसरीच्या कडेला खाली बसले.

"हाई कारखान्याची चूक नही शे, आबा," मिस्त्री म्हणाले.

"मग कोनाची?"

"कोणाची ते माले नको. काबर, तेवढं पाहिजे." ते आबांशी बोलत होते, पण दाराआड माझा पदर दिसत होता तिकडे त्यांचं तोंड होतं. "जळगावच्या कारखान्याले आपली दमनी कशी ठाऊक? कोणीतरी तिचं माप दिलं. चांगल्या माणसानं दिलं. बोटभर चुकलं नही. फक्त दमनीचंच काबर दिलं, एवढं माले समजत नही."

हातात कागद होता. त्यावर 'नववी चूक' एवढं लिहून झालं होतं. पुढचे शब्द सोपे होते. कारखान्याच्या माथी मारलं असतं तर कोणी मला विचारलं नसतं. घरात पत्र वाचणारी मीच. माझ्या त्या टपोऱ्या अक्षरांकडे मी पाहिलं आणि ती मला पहिल्यांदा कुरूप वाटली.

"मी दिलं," मी दाराआडून म्हणाले.

मग मी बोलतच सुटले. कारखान्याचं पत्र आलं होतं, दोन चाकांमधलं अंतर कळवा म्हणून. आबा मळ्यात होते. मालाची बैलगाडी असते गावाबाहेरच्या खळ्यात, आणि सूनबाईनं खळ्यात जायचं नसतं. आबांना विचारावं, तर 'सातवी पास असून एवढं कळेना' असं वाटेल. अंगणात दमनी उभी होती. चाकं ती चाकं. मी टेप लावला, आकडा लिहिला, पत्र टाकलं. आणि गाडा आल्यावर पुन्हा मीच मोजला, माझ्याच आकड्याशी ताडला, आणि लिहिलं, 'बरोबर'.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आबांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी डोळे घट्ट मिटून वाट बघत होते, आता काय कोसळतंय त्याची.

"सापडलं!" मिस्त्री म्हणाले. इतक्या आनंदानं, की मी डोळे उघडले. "खळं! पोर खळ्यात गई नही. बस. माले वाटे माप चुकलं. माप नही चुकलं, पोर अडकनी." मग आबांकडे वळून ते गप्पा मारायला बसल्यासारखे बसले. "आबा, मन्ही चूक सांगू? धुळ्याले मी पाण्याच्या टाकीचा गाडा बनवला होता. भरून पाहिला, एक थेंब गळत नही. मी सगळ्यांले मिठाई वाटली. दुसऱ्या दिवशी उतारावर बैल थांबले, पण आतलं पाणी थांबलं नही. ते मागून पुढे आलं न्‌ टाकीनं बैलांले असा धक्का दिला, की दोन्ही बैल गुडघ्यावर. माले काय ठाऊक, पाणी बी चालतं? माले बैलांनी शिकवलं. मग आत दोन आडव्या भिंती घातल्या."

हे ते असं सांगत होते, जसे दुसरे लोक कुस्ती जिंकल्याचं सांगतात.

आबांनी इतका वेळ खाली घातलेलं डोकं वर केलं. "आता करायचं काय, ते सांगा."

"ते पोरीलेच विचारू." मिस्त्रींनी मला अंगणात बोलावलं. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून गेले. चाकाच्या मधला तुंबा, ज्यातून आस जातो, त्यावर माझा हात ठेवला. "बाहेर किती आलाय?"

"तीन बोटं."

"आन्‌ आतून?"

मी वाकून चाचपलं. "एक बोट."

"मग?"

मी म्हणाले, "मग बाहेरचा जास्तीचा कापून टाकायचा."

मिस्त्री एवढे हसले, की बैलांनी माना वळवल्या. सुपडूही हसला. आबांच्या मिशीतही काहीतरी हललं. "कापू नको बेटी. चाक काढून उलटं घाल. आतलं बाहेर, बाहेरलं आत. मग?"

मला दोन घटका लागल्या, पण कळलं. तीन बोटांची बाजू आत गेली की चाक दोन बोटं बाहेर सरकणार. दोन्हीकडून दोन दोन. चार बोटं. कापायचं नाही, जोडायचं नाही, कारखान्याला कळवायचं नाही.

"जळगावच्या लोहारांले हाई ठाऊक व्हतं काय?" आबांनी विचारलं.

"कोणास ठाऊक. विचारलं पाहिजे," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे ते लोहार भेटले तेव्हा मिस्त्रींनी खरोखरच विचारलं असणार.

चाकं उतरवायला घेतली. तेवढ्यात आबा उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काडीच्या मापावर भरोसा नको. खळ्यात मोठी गाडी उभी आहे. सूनबाई, टेप घ्या आन्‌ चला माझ्यासंगे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "जा. पन पदर सांभाळजो." आणि मी तीन वर्षांत पहिल्यांदा भर दिवसा गावातून चालत खळ्यात गेले, आबांच्या मागे चार पावलं. ओट्यावरचे लोक बघत होते. मला वाटत होतं सगळ्यांना माझी चूक ठाऊक आहे. खरं म्हणजे ते फक्त बघत होते, आबांची सून टेप घेऊन कुठे चालली म्हणून. मोठी गाडी मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा तोच आकडा आला, तरी आबा म्हणाले, "अजून एक डाव."

दुपारपर्यंत चाकं उलटी बसली. रिकामा गाडा वाटेला लागला, चारही चाकं घळीत, सुतासारखा सरळ. मग दगड भरून. तोवर ऊन कलायला आलं होतं, आणि आबा प्रत्येक फेरीला आभाळाकडे, मग मळ्याकडे, मग मिस्त्रींकडे पाहत होते. शेवटी मिस्त्रींनी मान हलवली. वीस माणसांनी फळ्यांवरून सरकवत इंजिन चढवलं, बोल्ट आवळले, आणि गाडा पहिल्या पाळीला आमच्याच विहिरीकडे निघाला. त्या दिवशी मी मळ्यातही गेले. कोणी 'ये' म्हणालं नाही, कोणी 'येऊ नको'ही म्हणालं नाही.

वाटेत दोन उतार आणि एक नाला. मिस्त्री गाड्याच्या बाजूनं चालत होते, एक हात चौकटीवर ठेवून, आजारी माणसाबरोबर चालावं तसे. नाल्यात गाडा खाली गेला तेव्हा आबांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. गाडा डगमगला नाही.

विहिरीवर पाइप सोडले, पट्टा चढवला. इंजिनानं तीनदा नकार दिला, चौथ्यांदा खोकलं, आणि मग त्याचा तो फट-फट-फट आवाज सगळ्या शिवारात घुमायला लागला. पाइप थरथरला, नुसती हवा फुसफुसली, आणि एकदम मांडीएवढा पाण्याचा लोट धडाडत पाटात पडला.

माणसं ओरडायला लागली. सुपडू कपड्यांसकट पाटात बसला. बाकीच्या सात घरांचे कर्ते धावत आले, कोणी ओंजळी भरत होतं, कोणी नुसतंच हात बुडवून उभं होतं. आबा पाण्याच्या टोकाबरोबर चालत होते, ते जिथवर पोचेल तिथवर, केळीच्या पहिल्या ओळीपासून दुसरीपर्यंत, दुसरीपासून तिसरीपर्यंत, आणि प्रत्येक बुंध्याशी वाकून हातानं माती सारत होते. मी त्यांना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, मिस्त्रींना हे दाखवायला हवं. मी गाड्याकडे धावले. "चाचा, चाचा! पाणी आलं! बघा ना, केवढं आलं!"

मिस्त्री पाण्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले होते. दोन्ही तळवे चौकटीवर, कपाळ लोखंडाला टेकलेलं, डोळे मिटलेले. इंजिनाच्या धक्क्यांबरोबर त्यांची तांबूस दाढी थरथरत होती. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली. मग ते डोळे न उघडताच म्हणाले, "मागचं डावं चाक बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं हालतं."

"म्हणजे? बिघडलं?"

"ना. चांगलं हालतं. तिघांपेक्षा चांगलं." आणि मग, मला नव्हे, त्या चाकाला, अगदी हळू, "काबर रे?"

मी उभी होते तिथून मागे सगळा मळा पाण्याच्या आवाजानं भरला होता, आणि त्यांना चाकाचं उत्तर ऐकू यावं म्हणून मी पाऊल न वाजवता मागे फिरले. दुसऱ्या दिवशी उजाडता ते धुळ्याला गेले. मला ते पुन्हा दिसले नाहीत.